रविवार सोडून

सोमवार, ६ जानेवारी

चि. साहेबीण हिस मावशीचे अ. उ. आ., तेही आज कोरड्या हातांचे.

सोमवारी भर सकाळी मावशीला पत्र लिहायला फुरसत कशी, असं तुझ्या मनात येईल. ती तुझ्या ओढ्याने दिली. आज पुन्हा पाणी मळकट जांभळं आलंय. पांढरे कपडे बुडवायची सोय नाही, म्हणून धुण्याच्या कट्ट्यावर बसून लिहिते आहे. फोन का केला नाहीस म्हणू नकोस. माझा फोन गिऱ्हाइकाच्या चादरींबरोबर दुसऱ्यांदा धुऊन निघाला, आणि या खेपेला तो वाळल्यावरही बोलेना.

मागच्या सोमवारी पाण्याकडे न बघता दातांच्या डॉक्टरचे सहा कोट बुडवले. वाळले ते गुलाबी. डॉक्टर म्हणाला, पेशंट दारातून माझा कोट बघतात आणि दात दुखायचा थांबला म्हणून परत जातात. हसत म्हणाला खरा, पण कोट आता दुसरीकडे टाकतो.

तुझ्या मालकाने कपड्यांच्या कारखान्याला हिरवा रंग दिल्याचं तू लिहिलं होतंस. शर्टांना रद्दीची लेबलं, लाकडाची बटणं, औषध न मारलेला कापूस, आणि रंगाचं पाणी साफ करायला नवा प्लांट. त्या प्लांटवर साहेब कोण, तर आमची पोर. माझा ऊर भरून आला. तुझी आई गेल्यावर तुला याच ओढ्यावर कपडे धुऊन वाढवलं, आता तूच त्याची राखण करणार. पण राखणदार घरचा असताना हा जांभळा येतो कुठून, एवढं जरा बघ.

कळावे. लोभ पक्क्या रंगाचा आहे, तो धुऊन जायचा नाही.

तुझी मावशी

*

गुरुवार, ९ जानेवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. हसले डॉक्टरच्या कोटांना, काळजी तुझ्या डोळ्यांची. आमच्याकडून रंगीत पाणी बाहेर पडणं शक्यच नाही. चार टाक्या, दोन गाळण्या, आणि शेवटी काचेची पेटी, तिच्यात मासे सोडलेत. बारा होते, आता तेरावा दिसायला लागलाय. मी सोमवार ते शनिवार नवाच्या ठोक्याला बाटलीत पाणी भरते, तपासते, वहीत लिहिते. रविवारी मला सक्तीची सुट्टी. मालकांचं म्हणणं, पर्यावरण सांभाळणाऱ्याने आधी स्वतःची तब्येत सांभाळावी. माणसाला इतका जपणारा मालक मी पाहिला नाही.

मार्चमध्ये परदेशातल्या मोठ्या दुकानांची खरेदीबाई येणार आहे. तिच्यासमोर मला एका कागदावर सही करायची आहे, की प्लांट वर्षभर चालला आणि ओढ्यात मळका थेंबही गेला नाही. त्या सहीवर कारखान्याला मोठं काम मिळायचंय. लहानपणी हात धरून तू जिला नाव गिरवायला लावलंस, तिची सही!

तेव्हा माझं ऐक. हा मोतीबिंदू आहे. त्याने पांढरं पिवळं दिसतं म्हणतात, तुला जांभळं दिसत असेल. डोळे दाखव, हट्ट करू नकोस.

लोभ वाढवावा, चष्म्याचा नंबर वाढू देऊ नये.

तुझी भाची

*

सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. साहेबीण हिस अ. उ. आ.

आज्ञा पाळली. मोतीबिंदू निघाला खरा, उजव्या डोळ्यात, चांगला पिकलेला. ऑपरेशन उत्तम झालं. पूर्वी ओढा नुसता मळकट जांभळा दिसायचा, आता त्यातली गुलाबी झाकसुद्धा दिसते. गेल्या सोमवारी हिरवा होता, तो तर असा हिरवा की जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरचे आभार मानावेत.

डॉक्टरने महिनाभर पाण्यापासून लांब राहा म्हणून बजावलंय. पाण्याने ती व्यवस्था आधीच केली होती. खानावळीचा मॅनेजर रुमाल घेऊन गेला तो पुन्हा आला नाही. दवाखान्याच्या चादरी तेवढ्या उरल्यात, त्या शेजारीण मंगळवारी दुपारनंतर धुऊन देते. तोवर पाणी निवळतं.

तू म्हणशील, म्हातारी रंगवून सांगते. हातच्या काकणाला आरसा कशाला? जुन्या चादरीची पट्टी फाडून आज ओढ्यात बुडवली, वाळवली, आणि कपड्यांवर खुणा करायच्या पक्क्या शाईने कोपऱ्यात तारीख घातली. सोबत पाठवते. तुझ्या तेरा माशांना दाखव.

लोभ असू दे, आणि डोळे उघडे असू देत.

मावशी

*

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पट्टी माशांना नाही, आमच्या रंगमास्तरांना दाखवली. त्यांनी आधी खोलीचं दार लावलं. म्हणाले, हा तर 'निर्मळ'! पुढच्या वर्षीचा खास रंग, त्या खरेदीबाईने स्वतः ठरवलेला, तिच्या दुकानांत येईपर्यंत बाहेर कुणाच्या दृष्टीलाही पडायचा नाही अशा कराराचा. त्याचा नमुना कपाटात कुलुपात असतो. तू ज्याला मळकट म्हणतेस त्याला ते लोक निर्मळ म्हणतात. कुलूप न फोडता ही पट्टी तुझ्याकडे आली कशी, असं मास्तर विचारत होते. मी म्हटलं, पोस्टाने.

मग तुझी पत्रं काढून बसले. सगळ्यांवर वार एकच, सोमवार. ओढ्याला आमच्यापासून तुझ्यापर्यंत यायला एक दिवस लागतो. म्हणून परवा, सुट्टी असून, रविवारी कारखान्यात गेले. प्लांट बंद. त्याच्या मागे गवतात एक मोठा व्हॉल्व्ह आहे, त्यालाही हिरवा रंग दिलाय. तो सताड उघडा होता, आणि आठवडाभरात प्लांटला न पेललेलं सगळं पाणी थेट ओढ्यात चाललं होतं.

मालकांना विचारलं. ते रागावले नाहीत, मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले की प्लांट हाही आपला कामगारच, त्याला आठवड्याची सुट्टी नको का? बाकी सहा दिवस पाणी साफ जातं, ते कुणी बघत नाही. आणि जाता जाता म्हणाले, कागदाचं तेवढं सांभाळ, दोनशे शिलाईवाल्यांची चूल तुझ्या सहीवर आहे.

मावशी, तुझ्या डोळ्यांना नावं ठेवली आणि मोतीबिंदू माझ्याच डोळ्यात होता. मला फार लाज वाटते आहे. सही केली तर तू खोटी ठरतेस, नाही केली तर नोकरी जाते. काय करू ते लिही.

रागावली असलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

भाची

*

सोमवार, १७ फेब्रुवारी

चि. भाचीस अ. उ. आ.

आज साहेबीण म्हणत नाही, तू आधीच रडवेली आहेस. पाणी आज निळं आहे.

माझ्यासाठी लाजू नकोस. तुझ्या गैरसमजापायी का होईना, डोळा सुधारला. सुईत दोरा ओवायला आता शेजारच्या पोरीच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत.

सहीचं म्हणशील तर कर असं मी सांगणार नाही, करू नको असंही नाही. दोनशे चुली काही लहान गोष्ट नव्हे. मला कागदातलं कळत नाही, कपड्यातलं कळतं. कपड्यावर डाग असला की आपण तो घेतानाच गिऱ्हाइकाला दाखवतो, म्हणजे मागाहून कटकट नको. तूही तेवढंच कर. प्लांट वर्षभर चालला म्हणतात ना? मग लिही, वर्षभर चालला, आणि पुढे दोन शब्द, रविवार सोडून. खरं लिहायला तेवढी जागा पुरते.

मला मात्र आता नादच लागलाय. पट्टीवर भागेना, म्हणून दवाखान्याने टाकून दिलेल्या जुन्या चादरी दर सोमवारी एकेक बुडवते. तारीख घालते आणि घडी करून ठेवते.

लोभाला रविवारची सुट्टी नाही, हे लक्षात असू दे.

मावशी

*

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

एक संकट तुझ्याच दारी येतंय. माझी मावशी त्याच ओढ्यावर कपडे धुते, हे मालकांना कुणीतरी सांगितलं. ते इतके खूश झाले की विचारू नकोस. खरेदीबाईला घेऊन ते तेरा मार्चला तुझ्या कट्ट्यावर येणार. गुरुवार त्यांनी स्वतः निवडला, बोटांवर मोजून. नितळ पाणी दाखवायचं, पांढरं धुणं दाखवायचं, आणि तुझ्या इस्त्रीच्या टेबलावर माझी सही घ्यायची. दोरी धुण्याने भरलेली हवी, असा निरोप आहे.

तू समोर असताना मी काय लिहीन ते मला अजून ठाऊक नाही.

लोभ असावा, त्या दिवशी जरा जास्त.

भाची

*

शुक्रवार, १४ मार्च

चि. भाचीस अ. उ. आ.

काल तुमची फौज आली आणि गेली, पण झालं काय ते मला कुणी सांगितलं नाही. त्या बाईची भाषा मला येत नाही.

दोरी भरलेली हवी म्हणालीस. गिऱ्हाइकं गेलेली, दोरी कशाने भरू? घरात होत्या त्या पाच चादरी टाकल्या, तारखांसकट. मालकाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो ओंजळीत पाणी घेऊन बाईला दाखवत होता. पण बाईची नजर जांभळ्या चादरीवर गेली, तिची पर्स खाली पडली, आणि तिने जो आवाज चढवला! मालक पांढराफटक पडला. इतकं पांढरं काही मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग तो कानाला हात लावून पुन्हा पुन्हा ओढ्याकडे बोट करत होता. आणि तू टेबलापाशी पेन धरून उभी, तुला हसू आवरेना.

नोकरी आहे की गेली? सही केलीस की नाही? मला चैन नाही. लगेच लिही.

लोभ वगैरे सगळं तुझ्या उत्तरावर.

मावशी

*

रविवार, १६ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कारखान्यातून लिहिते आहे. होय, रविवारी. प्लांट चालू आहे आणि व्हॉल्व्हची किल्ली माझ्या गळ्यात आहे.

बाईला वाटलं, मालकांनी तिचा गुप्त रंग बाजारात विकला. नाहीतर पुढच्या वर्षीचा 'निर्मळ' एका धुणाऱ्या बाईच्या दोरीवर आज कसा वाळतो? ती करार फाडायला निघाली. मालक गयावया करत म्हणाले की मी तो कुणालाही विकलेला नाही, शपथ घेतो, दर रविवारी फक्त ओढ्यात सोडतो. चोरीच्या आळातून सुटायला माणसाने घाणीचा गुन्हा आपण होऊन कबूल केला! म्हणून मला हसू आवरलं नाही.

बाईचा विश्वास बसेना. तेव्हा तिने टेबलावरचा कागद ओढला. मावशी, मी सही आधीच केली होती. तुझे ते दोन शब्दही घातले होते, तिच्या भाषेत. तू समोर उभी होतीस, तुला खोटी कशी पाडू? बाईने 'रविवार सोडून' दोनदा वाचलं, चादरींवरच्या तारखा वाचल्या, आणि मालक खरं बोलतात हे तिला पटलं. मालकांनी गाडीत माझे आभार मानले. तू लिहून ठेवलंस म्हणून वाचलो, म्हणाले. गेल्या महिन्यात हेच लिहिलं असतं तर मला फाटक दाखवलं असतं.

ओढ्याबद्दल बाई एक अक्षर बोलली नाही. तिला काळजी वेगळीच, की काठावरचा कुणीही माणूस तिचे पुढच्या वर्षीचे रंग बघून घेईल. म्हणून करारात नवं कलम आलं. रंगाचा एक थेंबही आवाराबाहेर जाता कामा नये, रविवारी तर नाहीच. जास्तीचं पाणी पेलायला आणखी दोन टाक्या बसतायत. ओढ्यासाठी जे झालं नाही ते गुपितासाठी झालं. माझ्या टेबलावर नवी पाटी आहे, 'रंग-गोपनीयता अधिकारी'. मासे आहेत तेवढेच आहेत.

जांभळी चादर मात्र बाई पुरावा म्हणून घेऊन गेली. दवाखान्याने टाकून दिलेली चादर परदेशी निघाली.

दर सोमवारी तुझ्या पत्राची वाट बघेन. लोभ नितळ असावा.

भाची

*

सोमवार, ३१ मार्च

चि. साहेबीण हिस मावशीचे ओल्या हातांचे अ. उ. आ.

शाई फुटली आहे, तेवढं समजून घे. दोन सोमवार पत्र नाही म्हणून तू रुसल्याचं कळलं. दातांच्या डॉक्टरने कोट परत आणून टाकलेत, खानावळीचे रुमाल भिजत पडलेत, आणि पाण्याचा तळ दिसतोय.

आज सोमवार आहे गं, लिहायला वेळ कुठला.

मावशी