सहावीच्या आधी

अयोध्या नगर, भोपाळ
बुधवार

प्रिय जयंत,

अयोध्या नगरहून तुझा चार इमलीचा सरकारी बंगला काही परगावी नाही, आणि घरात तू बसवून दिलेला फोनही आहे. तरी आईनं पत्र का लिहावं, असं तुला वाटेल. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस. समोर आलास की मी वाढत बसते आणि बोलायचं ते राहून जातं. शिवाय जे लिहायचं आहे, ते तुझ्या तोंडाकडे बघून मला सांगता येणार नाही.

मी इथे शाळेत जाते, हे तुला ठाऊक नाही. निवृत्त झालेली आई भजनाला जात असेल असा तुझा समज आहे, तो मी मोडला नाही. घरामागच्या सरकारी प्राथमिक शाळेत गेलं दीड वर्ष मी शाळा सुटल्यावर चौथी-पाचवीची मुलं घेऊन बसते. हेडमास्तर बाळकृष्ण दुबे भले गृहस्थ आहेत, त्यांनी दोन खोल्या उघडून दिल्या. मुलांना सहावीसाठी तयार करायचं, एवढंच काम.

हे मला आज सुचलेलं नाही. बरखेड्याच्या प्राथमिक शाळेत मी शिकवत होते तेव्हा आमच्याकडे पाचवीपर्यंत एकच बाई सगळं शिकवायची, इंग्रजीचं अक्षरसुद्धा नाही. सहावीला कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मोठ्या शाळेत गेलं की सात विषय, सात शिक्षक, घंटा झाली की समोरचा माणूस बदललेला. अधिकाऱ्यांच्या मुलांना घरी सांगणारं कुणीतरी असे. फाउंड्रीत लोखंड ओतणाऱ्या कामगारांच्या मुलांना कोण सांगणार? एका वर्षी माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी सहावीच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात ओली झाली. बाहेर जाऊ का, हे नव्या सरांना कसं विचारायचं, ते तिला कळेना. ती पुन्हा शाळेत गेली नाही. मला रात्रंदिवस तिचंच तोंड दिसे. मग मी चौथीपासून तयारी घ्यायला लागले. इंग्रजी अक्षरं, वेळापत्रक वाचायचं कसं, उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं कसं, उभं राहून शंका विचारायची कशी. मार्चमध्ये सगळ्यांना मोठ्या शाळेत नेऊन नळ कुठे, संडास कुठे, इथपर्यंत दाखवून आणायची. पहिल्या वर्षी अकरा मुलं प्रवेशपरीक्षेला बसली, नऊ लागली. सात वर्षं हे चाललं. तू तेव्हा मैदानावर असायचास. थांब म्हटलं तर थांबायचा नाहीस.

आता तुझ्या पाचवीच्या वर्षाचं. नोव्हेंबरात मी सराव परीक्षा घेतली. एकवीस मुलांत तू चौदावा आलास. पहिल्या चारांत रेवा अहिरवार होती. तिचे वडील फाउंड्रीत, आईला अक्षरओळख नाही, आणि पोरगी अशी की एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा तीच आपल्याला सांगेल. दुसऱ्या शाळांतून येणाऱ्या सगळ्यांना मिळून मोठ्या शाळेत जागा चाळीस. त्या दिवशी जेवताना तुझे बाबा एवढंच म्हणाले, "लोकांची पोरं वर चढव. आपलं खाली राहिलं म्हणजे झालं." कामगारांवर देखरेख करणाऱ्या चार्जमनचा मुलगा मोठ्या शाळेत नाही लागला, तर कारखान्यात तोंड कुठे लपवायचं, हे त्यांना पडलेलं. पण त्यांच्यावर ढकलत नाही. मी वाद घातला नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी मुलांना सांगितलं की माझी कंबर धरली आहे, आता तास होणार नाही. कंबरेला काहीही झालेलं नव्हतं. त्याच दिवसापासून रोज दोन तास मी तुला स्वयंपाकघरात घेऊन बसू लागले. तुला ते आईनं अभ्यास घेणं वाटलं असेल. रेवा चार दिवस शाळा सुटल्यावर व्हरांड्यात थांबली. रोज विचारायची, "मैडम, कमर ठीक हुई?" पाचव्या दिवशी मी मागच्या दारानं घरी आले.

फलकावर यादी लागली. तुझा नंबर एकोणचाळीस. चाळिसाव्या नावाखाली रेघ आणि रेघेखाली दुसरं नाव रेवाचं. अर्ध्या तयारीवर ती तिथवर आली होती. तू लागलास म्हणून मी पेढे वाटले आणि तास पुन्हा कधीच सुरू केला नाही. कुठल्या तोंडानं करणार होते?

रेवा टाउनशिपबाहेरच्या शाळेत गेली, सहावीत दोनदा इंग्रजीत नापास झाली आणि घरी बसली. सोळाव्या वर्षी लग्न. हे मला तिनंच सांगितलं. दीड वर्षापूर्वी इथल्या भाजीबाजारात तिनं मला हाक मारली, पाया पडली. "मैडम, आप थीं तो चौथी-पाँचवीं अच्छी निकल गई," म्हणाली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिची मुलगी शारदा तेव्हा चौथीत होती. त्याच आठवड्यात मी दुबे सरांकडे गेले.

खोल्या रीतसर मिळाव्यात आणि एक शिक्षिका तासभर थांबावी, म्हणून दुबे सरांनी अर्ज केला. माझं नाव मी मुद्दाम घालू दिलं नाही. तो अर्ज शिक्षण खात्यात नेमका तुझ्याच टेबलावर आला, हे मला काल कळलं. दुबे सर उतरलेल्या चेहऱ्यानं आले. साहेबांनी नामंजूर केला, शाळा सुटल्यावर खोल्या बंद ठेवा म्हणाले. कोणते साहेब, तर मोघेसाहेब. मी तुझी आई, हे त्यांना माहीत नाही. तुझं बोलणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं: "मैं खुद बरखेड़ा के प्राइमरी स्कूल से निकला हूँ। मेरे लिए किसने अलग क्लास लगाई थी?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, ते वर लिहिलं आहे. सोमवारी अकरा वाजता दुबे सर पुन्हा अर्ज घेऊन येतील. बरोबर रेवा असेल आणि मी असेन. आम्ही बाहेर बाकावर बसू. मी तुझी कोण, हे मी तिथे कुणाला सांगणार नाही. पण रेवाला तू कोण, हे तोवर मी सांगितलेलं असेल, आणि त्या डिसेंबरात माझ्या कंबरेला काय झालं होतं, तेही.

तुझीच, आणि त्याचीच लाज वाटणारी,
आई