दुपारची वीस मिनिटं

मंगळवार, ३ मार्च

१७८ वर १०४! डॉक्टरीणबाईंनी दंडाचा पट्टा काढून पुन्हा बांधला. पुन्हा तेच. म्हणाल्या, "गोळी देते, पण नुसत्या गोळीने भागायचं नाही. रोज दुपारी वीस मिनिटं पडायचं. काही म्हणजे काही करायचं नाही. पंधरा दिवसांत बीपी खाली आलं नाही, तर दुकान विसरा."

दुकान विसरा! नाटकमंडळींचे बावीस कोट पंचवीस तारखेला द्यायचेत. कापड बेतते मी, शिवते धाकटी — आम्हा बहिणींचं वीस वर्षं असंच चाललंय. आई बावन्नाव्या वर्षी मशीनवर बसल्या बसल्या गेली. मला एक्कावन्न चालू आहे. धाकटीला हे बोलले नाही. तिलाही मोजता येतंच की.

बुधवार, ४ मार्च

मागच्या खोलीत पडले, घड्याळ लावून. पंखा बघितला. पात्यांवरची धूळ बघितली. उठून पुसली. परत पडले. तेवढ्यात पुढून मशीनचा आवाज — सुई बोथट झालीय, हिला कळत कसं नाही? पडल्या पडल्याच ओरडले. पुढून उत्तर, "ताई, पड गं गप! मी आहे ना!"

मग औषधवाल्याकडून आणलेल्या यंत्रावर मोजलं. १८२! विश्रांती घेऊन चार वाढलं. धन्य आहे माझी!

शुक्रवार, ६ मार्च

आज अकरा वेळा मोजलं. धाकटीने यंत्र अस्तराच्या गठ्ठ्यात लपवलं. सापडलं मला.

सोमवार, ९ मार्च

छातीत धडधडायला लागलं म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या विचारतात काय, तर "खांदे कुठे आहेत तुमचे?" हा काय प्रश्न झाला! बघते तर कानाला लागलेले. "खाली सोडा. श्वास सोडा." सोडला, आणि एकदम रडूच आलं. भीती वाटते, दुसरं काय! डोळे मिटले की आईचा पाय दिसतो, मशीनच्या पायडलवर तसाच राहिलेला.

बुधवार, ११ मार्च

धाकटी म्हणाली, "वीस मिनिटं कसली, चांगली तास-दीड तास पड. बेतायचं मी बघते." माझी कात्री मी कुणाच्या हातात देत नाही. आज दिली. आणि झोप लागली! भर दुपारी, घोरत! उठल्यावर १५२. एकदाच मोजलं.

शनिवार, १४ मार्च

कात्री दिल्याची फळं. धाकट्या बाईसाहेब कागदी नमुना उलटवायलाच विसरल्या — तीन कोटांना दोन्ही बाह्या डाव्या! कापडाची एकच बाजू सुलट, त्यामुळे बाही उलटी करूनही लागत नाही. शिकाऊ पोरगीसुद्धा असं करायची नाही. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" म्हणून फाडफाड बोलले. एरवी एकाला चार ऐकवणारी, आज नुसतं "चुकलं गं" म्हणाली आणि कपाळ दाबत बसली.

या भानगडीत माझं १६० झालं. चिडायचं नाही, चिडायचं नाही. खांदे खाली.

मंगळवार, १७ मार्च

१३४ वर ८४!! मुदतीच्या एक दिवस आधी! औषधवाला म्हणाला, "ताई, दहा वर्षांनी लहान दिसताय." मेला, यंत्र खपवून वर गोडही बोलतो. धाकटीने टाळी दिली. हात गार लागला तिचा. "झोप नीट होत नाहीये, कोट उरकले की होईल," म्हणाली. रोज दुपारी माझ्या वाटचं बेतते, मग रात्री स्वतःचं शिवत बसते. जेमतेम आठवडा राहिलाय.

बुधवार, १८ मार्च

सकाळी सहज, गंमत म्हणून पट्टा तिच्या दंडाला बांधला. "बघू गं, कोण जिंकतं!" ती हसत होती.

१९४ वर ११२.

पट्टा काढून पुन्हा बांधला. पुन्हा तेच.

डॉक्टरीणबाई निघाल्यात. शटर ओढून घेतलं. हिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि मागच्या खोलीत माझ्या जागी निजवली. "ताई, अगं सहा कोट राहिलेत—"

"पड गं गप. मी आहे ना."

पडली. खांदे कानाला लागलेले. कधीपासून असतील? मी बघितलेच नव्हते.