तुझ्या आईला सांग

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. ठकीचा खोकला गेला का? तिला झोपताना पायमोजे घाल, ती काढून टाकते, तरी घाल. माझा डोळा आता छान आहे. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंसुद्धा दिसतात, फक्त त्यांत वाचण्यासारखं काही नसतं.

पत्र घरी न पाठवता तुझ्या औषधांच्या दुकानावर पाठवते आहे. मालकांनी विचारलं तर सांग, सासूला फोनचा कंटाळा आहे. ते खोटंही नाही.

परवा तुझा फोन आला. ‘ते म्हणतात, आईला सांग, या वयात हे शोभत नाही, लोक हसतील,’ असं एका दमात म्हणालीस आणि लगेच ‘ठेवते हं आई’ म्हणून ठेवूनही दिलास. हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून मी सगळी नोकरी काढली. मागे कुणीतरी उभं असताना माणूस कसं बोलतं, ते मला ओळखू येतं. तुला अडचण नको म्हणून मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. पण निरोप माझ्या लेकाचा होता आणि हे पत्र तुला आहे.

तर, शुक्रवारी मी वकीलबाईंकडे जाणार आहे. त्यांच्या ऑफिसातली मुलगी फोनवर फार गोड बोलली. लग्नाचा दाखला आणा, घराचे कागद आणा, पेन्शनचं पुस्तक आणा. आणि म्हणाली, ‘आजी, काय काय झालं ते मनाशी नीट जुळवून या, मॅडमना वेळ कमी असतो.’ घटस्फोटाला निघालेल्या बाईला आजी म्हणतात, म्हणजे आपल्याला जरा उशीरच झाला, असं वाटून मला हसू आलं. मग बसून राहिले. हल्ली थोडं काही केलं की बसावं लागतं.

कागद सगळे ह्यांच्या कपाटात. किल्ली ह्यांच्या शर्टाच्या खिशात, शर्ट खुंटीला. तुला माहीत असेल नसेल, थंडी सुरू झाल्यापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांचा रेडिओ त्यांना न विचारता दुरुस्तीला टाकला, एवढंच निमित्त. रविवारी सकाळी हे खुर्चीत वाचत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘शुक्रवारी मी वकिलाकडे जाणार आहे. वेगळं व्हायचं आहे. लग्नाचा दाखला हवाय.’ ह्यांनी पान उलटलं. आता अबोला धरलेला, तेव्हा ‘नाही’ म्हणायचं तर तोंड उघडायला हवं. मी शर्टातून किल्ली घेतली, कपाट उघडलं, दाखला आणि बाकीचे कागद काढले, किल्ली परत खिशात टाकली. हे बघत होते. रात्री तुझा फोन आला, म्हणजे लेकाशी मात्र हे बोलले. चाळीस वर्षांत त्या अबोल्याचा मला पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

कागदांचं असं झालं. पण ‘काय काय झालं’ ते जुळेना.

कारण तसं काही झालेलंच नाही गं. ह्यांनी माझ्यावर कधी हात टाकला नाही. पिणं नाही, बाहेरचं काही नाही. पगार घरात दिला, माझ्या नोकरीला नाही म्हटलं नाही. दुसरी कुणी बाई मला हे सांगत आली असती, तर मीच तिला चहा पाजून परत पाठवलं असतं.

म्हणून काल खाली शिंपीणबाईंकडे गेले. त्यांच्याकडे सराव करून बघावा म्हटलं. त्या कुणाच्या तरी बाह्या उसवत होत्या. मी म्हटलं, तुम्ही वकीलबाई व्हा आणि मला विचारा. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि विचारायला लागल्या, मारतात का, दारू पितात का. मी नाही, नाही म्हणत गेले. शेवटी म्हणाल्या, मग करतात तरी काय? मी म्हटलं, बोलत नाहीत. त्यांना हसू आवरेना. माझा नवरा गप्प बसला असता तर मी सुटले असते, म्हणाल्या.

मग मी त्यांना माझे वडील गेले तेव्हाचं सांगितलं. हे तुलाही कधी सांगितलेलं नाही. तेव्हाही असाच अबोला चालू होता, कशावरून ते आता आठवत नाही. दुपारी माझ्या भावाचा घरी फोन आला. ह्यांनी घेतला. मला हॉस्पिटलात कळवायचं तर फोन मीच उचलणार, म्हणजे माझ्याशी बोलावं लागणार. म्हणून कळवलंच नाही. मी संध्याकाळी घरी आले तर तुझा नवरा दारात उभा. पहिलीत होता, शाळेचे कपडेही बदलले नव्हते. म्हणाला, ‘आई, बाबांनी सांगितलंय, आजोबा गेले.’ हे आतच बसले होते, मधलं दार उघडं होतं.

शिंपीणबाईंनी शिवण खाली ठेवली. पुढे सांगा, म्हणाल्या.

मी सांगत गेले. एकदा बांध फुटला की सगळं येतं. मी म्हटलं, आमच्याकडे बोलणं सगळं असंच. पोर दारात उभी राहायची, हातात चमचा. ‘आई, बाबा म्हणतात, त्यांना जेवायचं नाही.’ मग तिकडे तोंड करून, ‘बाबा, आई म्हणते, दोन घास तरी खा.’ मग परत इकडे, ‘आई, बाबा काहीच नाही म्हणाले.’ घामाघूम व्हायची बिचारी.

शिंपीणबाई म्हणाल्या, ‘व्हायची? तुम्हाला तर एकच मुलगा ना?’

सूनबाई, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ते माझ्या घरातलं नव्हतंच. ते तुमच्या घरातलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर मी तुमच्याकडे राहिले होते, तेव्हाचं. चमचा हातात घेऊन दारात उभी होती ती ठकी. एका डोळ्याला पट्टी होती, पण दुसऱ्याने मला स्वच्छ दिसत होतं. आणि तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मला ते घरासारखं वाटलं. मी पलंगावर बसून मुकाट्याने भात खाल्ला.

शिंपीणबाईंनी मला पाणी दिलं. मग परत बाह्या उसवायला घेतल्या.

हेच तुला लिहायचं होतं आणि मी केव्हाची डोळ्याचं आणि पायमोज्यांचं लिहीत बसले आहे. राग मानू नकोस. माझा लेक वाईट नाही. त्याला त्या वयात दोन खोल्यांच्या मधे उभं राहून बोलायला शिकवलं गेलं, त्यामुळे समोरासमोर बोलायचं राहून गेलं. तरीही तुझ्या घरात जे चालतं, ते चालायला नको.

आता आज सकाळचं. मी चहा करत होते. हे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘शुक्रवारी गार वारा सुटणार आहे म्हणतात. कोट घालून जा.’

इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला. थोडा घोगरा झाला आहे. माझ्या हातातलं भांडं खाली ठेवायला मला वेळ लागला. दरवेळी असंच होत आलं आहे. महिनोन्‌महिने काही नाही, आणि मग एक असं वाक्य. त्या एका वाक्यावर मी विरघळायची, धावपळ करून त्यांच्या आवडीचं रांधायची, जसा काही अपराध माझाच होता आणि आता तो माफ झाला. आजही तसंच झालं. खोटं कशाला सांगू. क्षणभर वाटलं, कुठे जायचं आता या वयात, बोललं ना माणूस.

मी ‘बरं’ म्हटलं. त्यांचा चहा त्यांच्यापुढे ठेवला, माझा घेऊन गॅलरीत गेले. कपडे काढले, घड्या घातल्या. मग आत येऊन बघितलं, दाखला पिशवीत होता तसाच होता. कोट मात्र घालून जाणार आहे. गारठा खरंच आहे.

काल निघताना शिंपीणबाईंनी विचारलं, जाऊन राहणार कुठे? त्यांच्या मागची खोली रिकामी आहे, मशीनचा आवाज सहन होणार असेल तर या म्हणाल्या. मी म्हटलं, आवाजच हवाय.

आता तुला सांगायचं ते सांगते. शुक्रवारी माझ्याबरोबर ये. तू काडीमोड घे असं मी म्हणत नाही, तुझ्या संसारात मी कोण बोलणार. नुसती शेजारी बस. वकीलबाई मला काय विचारतात ते ऐक, मी काय सांगते ते ऐक. ऐकताना त्यात तुझं काही सापडलं, तर घरी जाऊन माझ्या लेकाला तोंडावर सांग. ठकीला आत झोपवून, दार लावून, मोठ्याने सांग. मी माझ्या नवऱ्याला असं कधी सांगून बघितलं नाही, मी फक्त वाट बघितली. तुझा नवरा अजून चाळिशीचाही नाही, कदाचित ऐकेल. आणि नाहीच ऐकलं, तर वकीलबाईंचा जिना तू एकदा चढून आलेली असशील.

ऑफिस चपलांच्या दुकानाच्या वर आहे. दहा वाजता मी खाली दुकानाशी उभी असेन. तुला कामावरून सुटता आलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, मी थोडा वेळ थांबून वर जाईन. पण जाणार आहे. माझ्या लेकाने विचारलं तर हे पत्र त्याला खुशाल दाखव. नको वाटलं तर फाडून टाक. दोन्हीला माझी हरकत नाही.

हात दुखायला लागला. ठकीला माझी पापी दे.

तुझ्या बाजूला असलेली,
तुझी सासू