तुळईचं शून्य

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! नोकरी पक्की, खोली कारखान्याच्या मागेच, खिडकीत भरपूर ऊन. कामही आवडीचं. मोठ्या शेडच्या मुख्य तुळईच्या पोटाला स्ट्रेन गेज चिकटवलेलं आहे. नखाएवढी पट्टी, तिच्यात नागमोडी तार. तुळई ताणली की तारही ताणली जाते, तिचा रोध बदलतो आणि खाली माझ्या टेबलावर आकडा दिसतो. रोज पाळीच्या आधी नॉब फिरवून आकडा शून्यावर आणायचा, किती फिरवला ते वहीत लिहायचं. मॅनेजर म्हणाले, एवढं करा, बाकी डोकं चालवू नका. मग डोकं घरीच ठेवून या म्हणायचं होतं!

६, गुरुवार
सकाळी शेड रिकामी, क्रेन उभी, तरी आकडा तीस. मोकळ्या तुळईला ताण कसला? मॅनेजर म्हणाले, गेज जुनं आहे, शून्यावर आणा. नवीन मागितलं तर हसले. पाठ आखडली आहे. खुर्ची भिकार आहे.

१२, बुधवार
सोमवारी स्टोअरमधून दोन नवीन गेज मागून आणली, मीच शिडीवर चढून एक चिकटवलं. त्याचाही आकडा तसाच चढतोय. म्हणजे जुनं गेज खोटं बोलत नव्हतं. संतापून वर्षभराची वही काढली, रोजचं फिरवणं मिळवत बसले. हजार-दीड हजाराला तुळई कायमची वाकते. बेरीज नऊ हजार. तुळई मात्र सूतभरही वाकलेली नाही.
मॅनेजरना दाखवलं. ते म्हणाले, पडली का? नाही ना? मग? खाली चाळीस माणसं काम करतात आणि हा माणूस ‘मग’ म्हणतो!

१९, बुधवार
तुळईची नक्कल करणारं विजेचं सर्किट टेबलावर मांडलं. वजनाच्या जागी कॉइल, लवचिकतेच्या जागी कपॅसिटर, घर्षणाच्या जागी रेझिस्टर. त्या हिशेबाने ती कधीच तुटायला हवी होती. भार वाटून घेणारा आणखी एक फाटा जोडला, तेव्हा आकडे जुळले. पण शेडमध्ये दुसरा आधारच नाही. तीनदा हिंडून पाहिलं.
स्टोअरवाल्या मावशी म्हणाल्या, तुमच्या आधीचे साहेब ताठ आले नि कमरेत मोडून गेले, त्यांच्या आधीचेही. मॅनेजर नॉबला कधीच हात लावत नाहीत, हेही त्याच म्हणाल्या.
माझी पँट टाचेखाली येतेय. पंधरा दिवसांत.

२१, शुक्रवार
उरलेलं गेज नडगीला चिकटवलं. नॉब फिरवला. तुळईचा आकडा तीस उतरला — माझा तीस चढला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.
मॅनेजरला माहीत होतं! हरामखोराला सगळं माहीत होतं, आणि वर मला मॅडम-मॅडम करत होता!

२४, सोमवार
नॉबला हात लावला नाही. मॅनेजरला म्हटलं, आज तुम्ही फिरवा. पांढराफटक पडला. निदान शेड रिकामी करा म्हटलं, तर ऑर्डर अडकलीय म्हणाला आणि गाडीत बसून चालता झाला. रोज तीसवर थांबणारा आकडा आज थांबतच नाही. आठशे.

अकरा वाजता
बाराशे. वरून गंज पडतोय. बाहेर पडा म्हणून घसा फोडला — फिटर म्हणाला, साहेब सांगून गेलेत, मॅडमचं डोकं फिरलंय. तुळई कडाडली तेव्हा पटलं. पळतायत. पण दार एकच, चाळीस जण —
चौदाशे. फिरवतेय. त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी नाही, नीच माणसा —
डाव्या हाताने लिहितेय — आत अजून दहा — गुडघा गेला — सात — मान वर होत नाही — फिटर थांबून माझ्याकडे येतोय, नको, मूर्खा, पळ — तीन — पळ म्हणते ना — दो