हाडाशी लाल कोंबडी

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि दुकानातल्या सुऱ्यांना नमस्कार.

मी मजेत आहे, पण संताप आवरत नाही! शनिवारी साहेबांनी सगळ्या ऑफिसला हॉटेलात जेवायला नेलं. तिथे खाटकाच्या मुलीच्या ताटात हाडाशी लालभडक कोंबडी! अजून थोडी कच्ची असती तर फडफडली असती. वेटर म्हणतो, "आमच्याकडे अशीच असते." मी म्हटलं, "मग आधी तुम्ही खाऊन दाखवा." तर साहेब म्हणाले, "तमाशा नको, गुपचूप खा." नोकरी नवी आहे, तरी मी ताट सरकवून उठलेच. बाकीचे माना खाली घालून चावत होते.

आईला यातलं काही सांगू नका. तिची कंबर कशी आहे?

आज ऑफिसात मी एकटीच आहे. साहेबांसकट सगळे पोट धरून घरी!

कच्चं न गिळणारी,
तुमची लेक