काल काय केलंत?

अकोटा, बडोदे
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुनू,

तुझा गुडघा आता बरा असेल, आणि नसला तरी तू स्वस्थ बसणारी नाहीस. पत्रावर अकोट्याचा पत्ता बघून चक्रावू नकोस, त्यावर येते. आधी माझ्या स्पॅनिशचं ऐक.

सध्या भूतकाळ चालू आहे. शोधणं म्हणजे 'बुस्कार', पण 'मी शोधलं' लिहिताना मधला सी हाकलून तिथे क्यू-यू बसवायचे. 'मी पोचले' लिहिताना जीच्या पुढे यू घुसवायचा. हे सगळे नखरे फक्त 'मी'साठी; तू, तो, ते सगळे सरळ. आपण 'रामः रामौ रामाः' घोकलेल्या बायका, मी तसंच तालावर मोठ्यानं म्हणायची. एकदा शेजारच्या हंसाबेननी खिडकीतून विचारलं, "बेन, आ कयो मंत्र बोलो छो?" मी म्हटलं, नातीचा. सलीलची सानवी स्पेनमध्येच जन्मली, तिला मराठीचं अक्षर येत नाही. मग आजीनंच शिकायला नको का?

स्पेनला जायच्या आदल्या दिवशी सोसायटीतल्या बायका आल्या. इथली पद्धत तुला ठाऊक आहे. परदेशी जाणाऱ्याच्या हातात नारळ द्यायचा, दही-साखर भरवायची आणि बॅगेत मावणार नाहीत इतके खाखरे द्यायचे. हंसाबेन तर रडल्या. "शांतिथी जजो, दीकरीने खूब रमाडजो." नातीला खूप खेळवा, म्हणे.

त्या जिना उतरल्या आणि सलीलचा फोन आला. सूनबाईंचे आईवडील राहायला येतायत, घर लहान पडेल. "आई, या खेपेला राहू दे. तिकीट मी रद्द केलंय." मी 'बरं' म्हणाले. पुढची खेप कधी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

तेव्हापासून मी घरातच आहे, सुनू. दूध, पेपर, कामवाली, सगळं आधीच बंद केलं होतं. लोकांच्या लेखी मी गेलेली. पडदे ओढून त्यांचेच खाखरे लोणच्याशी खाते. नळसुद्धा बारीक सोडते. क्रियापदं मनातल्या मनात. वेडेपणा आहे, कळतं मला. पण सगळ्यांकडून नारळ घेऊन आता कोणत्या तोंडानं समोर जाऊ?

काल ऑनलाइन क्लास होता. रणवीरसर आधी प्रत्येकाला एकच विचारतात: काल काय केलंत? उत्तर स्पॅनिशमध्ये, पूर्ण वाक्यांत. त्यांना वाटतं, मी तिकडेच आहे. मी सांगितलं: मी पोचले. मी मुलाचं घर शोधलं. मी नातीशी खेळले.

"सुहासिनीताई, एकही चूक नाही!" सर खूश. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा बंद केला आणि ओट्याशी उभी राहून रडले. मला फार एकटं वाटतं गं. सलीलचा राग नाही, असं लिहिणार होते. पण आहे. खूप आहे.

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण पत्र टाकायचं तर खाली उतरावं लागतं, आणि दुपारभर हंसाबेन जिन्याशी भाजी निवडत बसलेल्या असतात. त्यांच्या समोरूनच जावं लागेल. म्हणून मुद्दाम पत्र.

हे तुझ्या हातात पडलं, तर समज, मी दार उघडलं.

तुझीच,
सुहास