नानांना वाघ दाखवला त्याची हकीकत

पोशेरा, व्हाया जव्हार, जिल्हा ठाणे
दिवाळीचा पाडवा, १९५३

प्रिय मोरेश्वर,

देवरामचा सप्रेम नमस्कार पोचावा. तू, वहिनी आणि मुले सुखरूप असाल अशी आशा करतो. इकडे कारभारीण कोंडी, आई, गुरे, कोंबड्या सगळी खुशाल. तुझ्या वडिलांच्या तब्येतीबद्दल आधीच लिहून टाकतो, म्हणजे तू घाबरणार नाहीस : हातपाय शाबूत आहेत, भूक सणसणीत आहे, आवाजाला तर काहीच झालेले नाही. अंगावरचे काळे पट्टे अजून पुरते गेलेले नाहीत, पण ते दुखण्याचे नव्हेत, कोळशाचे आहेत. कसे आले ते सविस्तर लिहितो. पत्र वहिनींच्या हाती पडण्याआधी तू एकट्याने वाचावेस हे बरे.

'नाना आठवडाभर हवापालटाला येताहेत, तुमच्याकडचे डोंगर, धबधबे, जनावरे दाखव' असे तू कळवलेस ते गणपतीत. आज दिवाळी आहे. (तुमच्या पुण्याचा आठवडा केवढा असतो?) ट्रेनिंग कॉलेजात असताना दोन वर्षे मी तुझ्या आईच्या हातचे जेवलो, तेव्हा नानांना 'आता निघा' म्हणायला मला तोंड नाही, हे तुला पक्के ठाऊक होते. नाना एस.टी.तून उतरले ते खाकी अर्धी विजार, डोक्यावर साहेबी टोप आणि हातात काठी अशा थाटात. उतरल्या उतरल्या म्हणाले, वाघ बघेन आणि जाईन, बघितल्याशिवाय हलणार नाही. मला वाटले, गंमत करताहेत. पण जन्मभर हेडमास्तरकी केलेला माणूस गंमत कशाला करील? त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला एकच ध्येय उरले, ते म्हणजे नानांना वाघ दाखवायचा आणि एस.टी.त बसवायचे.

बाबा रे, आमच्या मुलखात काय नाही? खाली नदी, वर पठार, मध्ये दऱ्या, उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, आणि बाकी सगळे रान. शेकरू दाखवले, तर म्हणाले ही खारच, नुसती माजलेली. भेकर दाखवले, ती त्यांच्या मते शेळी. मोर म्हणे पर्वतीवर पाहिलेला आहे. घोरपड दिसली तेव्हा मात्र टोप काढून नमस्कार केला (सिंहगडाच्या आठवणीने). दाभोशाच्या धबधब्यावर पाणी किती वेगाने पडते याचे गणित कोंडीला समजावून सांगताना कड्यावरून इतके वाकले की चष्मा उत्तर काढायला आपणच खाली गेला. मागोमाग नानाही गेले असते, पण कोंडीने विजारीचा पट्टा धरून ठेवला. तेव्हापासून नाना आमचा मुलूख अंदाजाने बघतात. मोखाड्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी विचारले, की विलीनीकरणाच्या वेळी जव्हार संस्थानाकडे वाघ किती होते आणि मुंबई सरकारने ते रीतसर ताब्यात घेतले की नाही. कारकून बिचारा दफ्तर शोधायला आत गेला तो बाहेरच आला नाही. मधल्या वेळात नाना माझ्या शाळेत शिकवू लागले. आता मी वर्गात गेलो की पोरे विचारतात, खरे मास्तर कधी येणार?

हे दुखणे अखेर मी आमच्या पाड्याच्या नवसूबाबापुढे मांडले. नवसूबाबा म्हातारा आहे, पाड्यात त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, पाहुणा वाघ मागतोय तर वाघ दाखवू, वाघबारस आलीच आहे. तुला सांगतो, वाघबारशीला आमचे गुराखी वाघदेवाच्या दगडाशी जमतात, घरोघरचे तांदूळ आणून खीर शिजवतात. एकजण वाघ होतो. बाकीचे आरोळ्या देत, काठ्या आपटत त्याला शिवेपलीकडे हाकलून देतात, म्हणजे वर्षभर गुरांना भय नाही. पलीकडे गेला की तो ओढ्यात पट्टे धुतो, माणूस होऊन परत येतो आणि खिरीचा पहिला वाटा त्याला. तोवर कोणी तोंडात घास घालायचा नाही. यंदाचा वाघ लक्ष्या गुराखी. हळद फासली, कोळशाचे पट्टे ओढले, सुंभाची शेपटी लावली. नानांना लांबच्या खडकावर बसवायचे, लक्ष्याने झुडपाआडून जायचे, नाना धन्य, आणि दुसऱ्या दिवशीची एस.टी. असा बेत ठरला. नानांचा चष्मा हरवल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा आनंद झाला.

लक्ष्या झोकात आला. त्याची डरकाळी अडलेल्या गाईसारखी होती खरी, पण नाना उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला. माझ्या मनात सामान बांधून झाले होते. तेवढ्यात मागून काठ्या घेऊन गुराखी धावत आले. आणि मोरेश्वर, तुझे वडील खडकावरून खाली उतरून वाघ आणि गुराखी यांच्या मध्ये उभे राहिले. काठी गरगर फिरवली आणि शाळेतल्या आवाजात हुकूम केला, काठ्या खाली ठेवा, रांगेत उभे राहा. ते राहिलेही! अर्ध्यांना महिनाभर त्यांनीच पाढे शिकवले होते. लक्ष्या (एवढी मिशी असून तोही वर्गात बसतो) नानांच्या मागे गुपचूप मांडी घालून बसला.

सगळे हसतील असे मला वाटले. कोणी हसले नाही. वाघ शिवेच्या आत राहिला होता, असे आमच्याकडे कधी झालेले नाही. माझी आई गोठ्याकडे बघायला लागली. मी पोटापुरता शिकलेला मास्तर, पण खरे सांगतो, मलाही गोठ्यातल्या आमच्या पाडीची आठवण झाली. नवसूबाबा रागावला नाही. तो सावकाश म्हणाला, "वाघ गेला नाय. ज्यानं राखला, त्यानंच न्यावा."

मग मी हात जोडून नानांना सगळे खरे सांगितले, वाघ म्हणजे लक्ष्या, आणि बेत माझा. मला वाटले, आता काठी माझ्या पाठीवर. नानांनी ऐकून घेतले, टोप कोंडीकडे दिला, सदरा काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "कोळसा आणा."

पुढचे काय लिहू? पुण्याच्या शाळेचा निवृत्त हेडमास्तर, पिवळाजर्द, शेपटीसकट, नागलीच्या बांधावरून धावतोय, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिले. पोरे आधी बिचकली, मास्तरांवर काठी उगारायची कशी? तेव्हा वाघाने मागे वळून दम दिला, की नीट हाकला, मेल्यांनो. मग सुटली. आरोळ्या मीही दिल्या. (सगळ्यांत मोठ्याने मीच दिल्या. महिनाभराचे साठले होते.) नाना शिवेपलीकडे गेले, बायकांनी सुस्कारा सोडला, आणि आम्ही खिरीपाशी येऊन बसलो.

नाना येईनात. खीर निवायला लागली. चष्मा नसलेला माणूस ओढ्याकाठी भलत्याच दिशेला गेला असणार, हे माझ्या डोक्यात उशिरा आले. तुला काय तोंड दाखवणार होतो मी? मग सगळा पाडा उठला, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पोरे, ज्यांनी हाकलले तेच हाका मारत रानात शिरले. 'नाना हो, या हो, खीर थांबलीय!' अंधार पडायच्या आत उंबराखाली सापडले, पाय पाण्यात सोडून बसलेले. परत आले, पहिला वाटा घेतला, नंतर आणखी खीरही घेतली.

तेव्हा आता माझी कळकळीची विनंती अशी, की वाघ बघून झाला, वाघ होऊनही झाला, तू स्वतः ये आणि नानांना घेऊन जा. ते जाण्याचे नावच काढत नाहीत. आमच्या रानात कधी काय होईल सांगता येत नाही, मला घोर लागून राहिला आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
देवराम

ता. क. : तशी फार घाई करू नकोस. पोरांचे भागाकार अर्धेच झाले आहेत. शिवाय कोंडी म्हणते, नानांना जा म्हणायचे तर तुझ्या मित्राने म्हणावे, आपल्या घरातून कोणी म्हणायचे नाही.

दुसरा ता. क. : नाना मोखाड्याच्या बाजाराला निघाले आहेत, पत्र त्यांच्याकडेच टाकायला देतो. चष्मा नसल्यामुळे वाचण्याची भीती नाही.

चि. मोरेश्वर यास अनेक आशीर्वाद. अक्षर मोठे काढले आहे, समजून घे. पत्र मी चौथीतल्या हिरीकडून वाचून घेतले. ती छान वाचते. देवरामने लिहिले ते खरे आहे, फक्त दोन गोष्टी त्याला ठाऊक नाहीत. लक्ष्याला मी तेव्हाच ओळखले होते. वाघ तंबाखूचा खोकला खोकत नाही. पण एकट्यावर इतक्या काठ्या धावून आलेल्या मला बघवल्या नाहीत. दुसरे, मी वाट चुकलो नव्हतो. पट्टे धुतले आणि मुद्दाम बसून राहिलो. कोणी शोधायला येते का, ते बघायचे होते. सगळा पाडा आला रे. तुझी आई गेल्यापासून माझ्यासाठी जेवायचे कोणी थांबले नव्हते. तुला बोल लावत नाही, तुमच्यामागे व्याप आहेत. चष्म्याचा नंबर माझ्या पेटीत आहे, नवा करून आण. न्यायला म्हणून येऊ नकोस. भेटायला ये.

नाना